हौशी रेडिओ : ऐकण्यापासून बोलण्यापर्यंत

घरोघरी मोबाईल आला आहे. बटण दाबले की मुंबईचा भाऊ बोलतो, पुण्याची मुलगी दिसते. मग रेडिओ संचावरून बोलण्याचा छंद मुलांना कशाला लावायचा, असा प्रश्न पालक आम्हाला विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे सरळ उत्तर दिले पाहिजे.

आपला मोबाईल थेट दुसऱ्या मोबाईलशी बोलत नाही. तो जवळच्या टॉवरशी बोलतो. टॉवरला वीज लागते आणि पुढे केबलचे जाळे लागते. यातले एक जरी तुटले तरी हातातला महागडा फोन मुका होतो. हौशी रेडिओचे तसे नाही. एक संच, एक बॅटरी आणि दोन झाडांमध्ये ताणलेली तार एवढ्यावर माणूस शेकडो किलोमीटरवरच्या माणसाशी बोलू शकतो. मध्ये कोणत्याही कंपनीचा टॉवर लागत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या वेळी, आणि २००१ मध्ये भूजला भूकंप झाला तेव्हाही, हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवण्याचे काम केले. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ या संस्थेच्या भारती प्रसाद आपले पथक घेऊन अंदमानला गेल्या होत्या. छंद म्हणून तेथून जगाशी बोलावे, एवढाच हेतू होता. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि हेच हौशी केंद्र संकटकाळाचे केंद्र झाले. बेटांवरील माणसांची खबर मुख्य भूमीपर्यंत नेणाऱ्यांमध्ये ही स्त्री पुढे होती. आपल्या मुलींना हे आवर्जून सांगावे.

वऱ्हाडाला संकट नवे नाही. वरुडपासून जवळच, वर्धा नदीकाठचे मोवाड ३० जुलै १९९१ च्या पुरात उद्ध्वस्त झाले. दोनशेहून अधिक माणसे वाहून गेली. अकोल्याची मोर्णा पावसाळ्यात काय करते हे नदीकाठच्या वस्त्यांना विचारा. मेळघाटात आजही अनेक गावांत रेंज शोधत टेकडी चढावी लागते. अशा भागात प्रत्येक तालुक्यात चार-दोन परवानाधारक हौशी असणे ही चैन नव्हे, ती गरज आहे, असे आमचे मत आहे.

हा छंद म्हणजे नेमके काय?

हौशी रेडिओला जगभर ‘हॅम रेडिओ’ म्हणतात. सरकारी परवाना घेऊन, ठरवून दिलेल्या लहरींवर, पैसे न कमावता केलेले हे संभाषण आणि प्रयोग आहेत. त्यावरून गाणी लावता येत नाहीत, बातम्या देता येत नाहीत, धंद्याचे निरोप पाठवता येत नाहीत.

परवाना मिळाला की प्रत्येकाला एक खूण मिळते, तिला कॉल साइन म्हणतात. भारताची खूण ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होते. हवेत हीच तुमची ओळख. समोरचा तुमचे नाव, गाव विचारतो आणि ‘तुमचा आवाज मला कसा येतो’ ते सांगतो. तुम्ही कोणाचे कोण, वडील काय करतात, घर कोणत्या मोहल्ल्यात, याची चौकशी होत नाही. बोलणे झाले की दोघे एकमेकांना पत्ररूपाने पोच पाठवतात. ते क्यूएसएल कार्ड. जपानचे, ब्राझीलचे, रशियाचे कार्ड भिंतीवर लागले की मूल आपणहून नकाशा उघडते.

आवाज इतक्या दूर जातो कसा? जुन्या मंडळींना रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला आठवत असेल. कोलंबोहून अमरावतीपर्यंत कोणी तार टाकली नव्हती. शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशात उंचावर असलेल्या विद्युतभारित थरावर आदळून पुन्हा जमिनीकडे वळतात, म्हणून त्या समुद्र ओलांडून येत. हौशी मंडळी हाच मार्ग वापरतात. दुसऱ्या प्रकारच्या लहरी, ज्यांना व्हीएचएफ म्हणतात, सरळ रेषेत जातात. त्यांना उंची लागते. म्हणून मैदानातल्या गच्चीपेक्षा चिखलदऱ्याच्या माथ्यावरून त्या कितीतरी दूर पोचतात.

पहिली पायरी : कान

सुरुवात बोलण्याने करू नये, ऐकण्याने करावी. यासाठी खर्च जवळजवळ नाही. जगभरातील हौशींनी आपले रिसीव्हर इंटरनेटला जोडून ठेवले आहेत, ते मोबाईलवरून फुकट ऐकता येतात. भारतात ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ हा पट्टा हौशींना दिलेला आहे. त्याला चाळीस मीटर बँड म्हणतात. सकाळच्या वेळी देशभरची मंडळी येथे जमतात. साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवर त्यांचे बोलणे बदकाच्या आवाजासारखे येते, कारण ते ‘सिंगल साइडबँड’ या पद्धतीने बोलतात. त्यासाठी ही पद्धत उलगडणारा रिसीव्हर हवा. महिनाभर ऐकले की कोण कसे हाक मारतो, कसे थांबतो, कसा निरोप घेतो हे मूल शिकते. ‘सी क्यू’ म्हणजे ‘कोणीही उत्तर द्या’ आणि ‘७३’ म्हणजे शुभेच्छा, हेही अंगवळणी पडते.

अंतराळातील आवाजही ऐकू येतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हौशी रेडिओचा संच आहे. स्थानक आपल्या डोक्यावरून जात असताना त्याचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतो. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी तेथून भारतातील विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवरूनच संवाद साधला.

दुसरी पायरी : परीक्षा

वयाची अट फक्त बारा वर्षे. पदवी लागत नाही. परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा देते. अर्ज ‘सरल संचार’ या सरकारी संकेतस्थळावर करावा लागतो. परवान्याचे दोन वर्ग आहेत. ‘रिस्ट्रिक्टेड’ वर्गाला मोर्स येण्याची गरज नाही. ‘जनरल’ वर्गाला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स पाठवता आणि घेता आले पाहिजे. पहिल्या वर्गाची खूण व्हीयू३ ने, दुसऱ्याची व्हीयू२ ने सुरू होते.

प्रश्नांचे दोन भाग असतात. एक रेडिओच्या तंत्राचा : ओहमचा नियम, कॉइल, कंडेन्सर, अँटेना. दुसरा नियमांचा. दहावीचे विज्ञान नीट झालेल्या किंवा आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलाला तंत्राचा भाग परका वाटणार नाही. अडचण आहे ती इंग्रजीची, कारण अभ्यासाचे बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे. त्यावर उपाय एकच : चार-पाच जणांनी एकत्र बसून वाचावे आणि मराठीत टिपणे काढावीत. परीक्षेचे जुने केंद्र नागपूर आहे. अमरावती-अकोल्याहून सकाळच्या गाडीने जाऊन रात्री घरी परतता येते.

मोर्सला घाबरू नये. १५ जुलै २०१३ ला देशातील तारसेवा बंद झाली, पण तारखात्यात किंवा रेल्वेत आयुष्यभर ‘कडकट्ट’ वाजवणारे निवृत्त लोक आपल्यात आहेत. नातवंडांनी त्यांच्याजवळ बसावे.

तिसरी पायरी : संच आणि तार

येथे पालक खर्चाला घाबरतात. परदेशी तयार संच महाग आहेत, यात शंका नाही. परंतु हैदराबादचे अश्हर फरहान यांनी ‘बिटएक्स’ नावाचा संच अशा रीतीने रचला की तो साध्या सुट्या भागांतून घरी जोडता यावा. परदेशी कॉइलच्या गाभ्याऐवजी त्यांनी नळाचे वॉशर वापरून दाखवले. जगभरच्या हौशींनी तो आनंदाने जोडला. ज्याला सोल्डरिंग येते त्याच्यासाठी हा छंद श्रीमंतांचा राहत नाही.

अँटेना तर घरीच करावी. चाळीस मीटर बँडसाठी सुमारे वीस मीटर तांब्याची तार घ्यावी, ती मधोमध कापावी आणि दहा-दहा मीटरचे दोन हात दोन्हीकडे ताणावेत. मध्ये संचाकडे जाणारी केबल जोडावी. मात्र विजेच्या तारांपासून ती लांब ठेवावी. आकाशात गडगडाट सुरू होताच केबल संचातून काढून घराबाहेर ठेवावी. आपल्याकडे वीज पडून दरवर्षी माणसे जातात, हे विसरू नये.

एक धोका स्पष्ट सांगतो. बाजारात स्वस्त वॉकीटॉकी मिळतात. परवान्याशिवाय त्यावरून हौशी लहरींवर बोलणे गुन्हा आहे. परीक्षा दिली, पास झालो, म्हणूनही बोलू नये. परवाना हातात आल्यावरच बटण दाबावे.

एकट्याने नको, मिळून करा

एका घराला जे जड जाते ते दहा घरांना जात नाही. नियमांत संस्थेच्या नावे क्लब स्टेशनची सोय आहे. शाळा, वाचनालय, युवक मंडळ यांनी एक संच घ्यावा आणि परवानाधारकाच्या देखरेखीखाली मुलांना शिकू द्यावे. आपल्या भागातील तंत्रनिकेतने आणि आयटीआय यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षकांना जाऊन भेटा. रविवारचे दोन तास मागा.

पश्चिम बंगालमध्ये गंगासागर मेळ्यात हरवलेली माणसे त्यांच्या घरच्यांना मिळवून देण्याचे काम वेस्ट बंगाल रेडिओ क्लबचे सभासद करीत आले आहेत. बहिरमची जत्रा असो की दीक्षाभूमीवरचा जनसागर, गर्दी वाढली की मोबाईल लागत नाही आणि लेकरू हात सोडून जाते. प्रशासनाची रीतसर परवानगी घेऊन असे काम आपली मुलेही करू शकतील. पण त्यासाठी परवाना आधी लागतो, सराव आधी लागतो. पूर आल्यावर पोहणे शिकता येत नाही.

तेव्हा या सुटीत बारा वर्षांच्या पुढची मुले-मुली एकत्र बोलवा, एक वही करा आणि ऐकायला सुरुवात करा. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणती खूण ऐकली, याची नोंद ठेवा. वही भरत आली की नागपूरचा अर्ज भरा.