लगाम ढिला पडतो तेव्हा

सकाळी उठल्यावर तास-तासभर बोटे वळत नाहीत, दुकानाच्या कुलपाची किल्ली फिरवताना मनगटातून कळ येते, दोन्ही हातांचे सांधे एकाच वेळी सुजतात. घरातील एखादी स्त्री असे सांगू लागली की ‘गारठा बाधला असेल’ असे म्हणून तो विषय मिटवण्याची रीत अनेक कुटुंबांत आहे. ही रीत महागात पडते. आमवात हा झिजेचा रोग नव्हे. गुडघ्यांची झीज उतारवयात होते. आमवात मात्र तिशी-चाळिशीतही गाठतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट अधिक आढळतो आणि वेळीच आवरला नाही तर कूर्चा व हाड दोन्ही कुरतडतो. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच येथे स्वतःच्या सांध्यांवर उलटलेली असते.

ती कशी उलटते, हे समजण्यासाठी प्रतिपिंडाचा आकार ध्यानात घ्यावा लागतो. प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, हे इंग्रजी वाय अक्षरासारखे दिसणारे प्रथिन आहे. त्याचे दोन हात जंतूला पकडतात. खालचा दांडा, ज्याला एफसी भाग म्हणतात, तो मागे मोकळा राहतो. संरक्षक पेशींच्या पृष्ठभागावर हा दांडा धरणारे ग्राहक असतात आणि खरी गोष्ट येथूनच सुरू होते. यांतील बहुतेक ग्राहक ‘चालक’ असतात: दांडा हाती येताच ते पेशीला हल्ल्याचा हुकूम देतात. एक ग्राहक मात्र उलट काम करतो. त्याचे शास्त्रीय नाव एफसी-गॅमा-आर-टू-बी. सोयीसाठी त्याला ‘टू-बी’ म्हणू. तो पेशीच्या आत शिप नावाच्या विकराला बोलावतो, आणि हे विकर पेटत चाललेला संदेश तेथेच विझवते.

प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी पेशींवर तर दांडा धरणारा ग्राहक हा एकटा टू-बीच असतो. वखारीत माल पुरेसा भरला की जाणता व्यापारी नवी मागणी नोंदवणे थांबवतो. रक्तात प्रतिपिंडे पुरेशी झाली की टू-बी त्याच रीतीने बी पेशीला ‘आता पुरे’ असे कळवतो.

हा लगाम काढून घेतला तर काय होईल? जपानमधील तोशियुकी ताकाई आणि अमेरिकेतील जेफ्री रॅव्हेच यांनी सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये टू-बीचे जनुक नसलेल्या उंदरांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या शरीरात प्रतिपिंडे वाजवीपेक्षा अधिक तयार होत. पुढे १९९९ मध्ये ताकाई यांच्या गटाला आणखी बोलके चित्र दिसले. कूर्चेतील कोलॅजन टोचून उंदरांत आमवातासारखा विकार उत्पन्न करता येतो. पण काही वंशाचे उंदीर त्याला एरवी दाद देत नाहीत. टू-बी काढून घेताच याच उंदरांचे सांधे सुजले. स्वीडनमध्ये सांद्रा क्लाइनाऊ व सहकाऱ्यांनी २००० मध्ये दोन्ही बाजू पडताळल्या: लगाम गेला की विकार बळावतो, आणि चालक ग्राहक निकामी केले तर तो जवळजवळ उद्भवतच नाही. हे ज्ञान मुक्या जिवांच्या वेदनेतून आलेले आहे, ही बोच अहिंसेचा संस्कार असलेल्या वाचकाला लागणारच. ती लपवण्याचे कारण नाही.

माणसांत चित्र इतके स्वच्छ नाही. काही लोकांच्या टू-बीमध्ये २३२ व्या जागी आयसोल्युसिनऐवजी थ्रिओनिन हे अमिनो आम्ल असते. एवढ्या फरकाने ग्राहक पेशीच्या आवरणात योग्य जागी सरकत नाही आणि लगाम ढिला पडतो. आई व वडील दोघांकडून हा बदल आला तर ल्युपस या विकाराचा धोका वाढतो. आमवातात तो रोग होण्याशी नव्हे, तर सांध्यांची हानी किती वेगाने होते याच्याशी जोडलेला आढळला. नवल असे की, आफ्रिका व आग्नेय आशियात, जेथे मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या बळी घेतले, तेथे हा बदल अधिक दिसतो. ढिल्या लगामाची पेशी मलेरियाच्या परजीवीशी अधिक जोमाने लढते. एका खात्यातील तोटा दुसऱ्या खात्यात जमा झाला, असेच म्हणायचे.

म्हणूनच हा लगाम औषधाने वाटेल तितका आवळता येत नाही. फार आवळला तर जंतूंना रान मोकळे मिळेल. एक हात बी पेशीवर आणि दांडा टू-बीवर घट्ट बसेल अशी प्रतिपिंडे प्रयोगशाळेत घडवली गेली आहेत आणि त्यांच्या रुग्णांवरील चाचण्याही झाल्या आहेत. आमवाताच्या नेहमीच्या उपचारांत मात्र आजही पहिले स्थान मेथोट्रेक्सेटचे आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने रुग्ण दगावल्याच्या घटना घडल्या आहेत, म्हणून ठरलेला वार घरातील दुसऱ्या कोणाच्याही लक्षात असावा. नावगाव नसलेल्या ‘वातावरच्या पुड्या’ तर दूरच ठेवाव्यात. त्यांत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेले असते. दुखणे आठ दिवसांत थांबते, आणि आत हाड कुरतडले जाणे सुरूच राहते.