पुण्याचे गुण : व्हिडिओ गेममधील बऱ्या-वाईटाचा हिशेब

पालकांच्या सभेत व्हिडिओ गेमचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन प्रश्नांपाशी येऊन थांबते. मूल किती वेळ खेळते आणि त्या खेळात किती रक्त सांडते? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात खेळावरचा ताबा सुटण्याच्या अवस्थेला विकार म्हणून स्थान मिळाले आहे. तेव्हा वेळेची काळजी अनाठायी नाही. मात्र तिसरा एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. कित्येक खेळ खेळणाऱ्याला चांगले की वाईट, अशी निवड करायला लावतात आणि त्या निवडीला चक्क गुण देतात. हे गुण कोण देतो, कशाबद्दल देतो आणि त्यातून चांगुलपणाविषयी कोणती समजूत मनात रुजते, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

जे वाचक या खेळांपासून दूर आहेत त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका देतो. दशावतारी नाटकात गणपती येतो, संकासुर येतो, आणि ते येणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते. व्हिडिओ गेममध्येही असे ठरलेले संकेत आहेत. खेळणाऱ्याला तीन 'जीव' असतात. शत्रूला मारले की 'अनुभवाचे गुण' मिळतात आणि ते साठले की नायक अधिक बलवान होतो. ठरावीक ठिकाणी खेळ जतन करून ठेवता येतो, म्हणजे पुढे हरलो तरी तिथून पुन्हा सुरुवात करता येते. एका खेळाने शोधलेली युक्ती दुसरा उचलतो आणि बघता बघता तिचा रिवाज होतो. बऱ्या-वाईटाची मोजपट्टी हा असाच एक रिवाज आहे. पडद्याच्या कोपऱ्यात एखादी पट्टी किंवा आकडा असतो. भले केले की तो वर सरकतो, बुरे केले की खाली. १९९७ च्या 'फॉलआउट' या खेळात या आकड्याला 'कर्म' असेच नाव आहे.

खेळातून नीती शिकवण्याची कल्पना आपल्या मातीला नवी नाही. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट ज्ञानदेवांनी रचला, अशी महाराष्ट्रातील परंपरा सांगते. त्या पटावर शिडीच्या पायथ्याशी सद्गुणाचे नाव असे, सापाच्या तोंडाशी दुर्गुणाचे. पुढे तो खेळ इंग्लंडला गेला आणि कालांतराने घरांवरची नावे पुसली जाऊन नुसते साप आणि नुसत्या शिड्या उरल्या. पण मोक्षपटात एक गोष्ट खेळणाऱ्याच्या हाती नव्हती. क्रोधाच्या घरात तो जाऊन पडे तो कवड्यांच्या दानामुळे. रागवावे की नाही हे त्याला कोणी विचारत नसे. संगणकीय खेळात ही निवड खेळणाऱ्याकडे आली.

ती ठळकपणे आली १९८५ मध्ये, 'अल्टिमा ४' या अमेरिकन खेळातून. त्याचे निर्माते रिचर्ड गॅरियट तेव्हा २४ वर्षांचे होते. त्यांच्या आधीच्या खेळांत लूटमार करून, वाटेत येईल त्याला मारून जिंकता येत असे आणि खेळणारे तसेच जिंकत होते. त्यांची पत्रे वाचताना आपल्या खेळात नायक म्हणवणारा माणूस प्रत्यक्षात दरोडेखोरासारखा वागतो, हे गॅरियट यांच्या लक्षात आले. म्हणून पुढचा खेळ त्यांनी वेगळ्या पायावर उभारला. त्यात शेवटी मारण्यासाठी कोणी खलनायकच ठेवला नाही. सत्य, प्रेम आणि धैर्य या तीन तत्त्वांतून निघणारे आठ सद्गुण अंगी बाणवून 'अवतार' होणे, हेच खेळाचे ध्येय. हा शब्द आणि त्यामागची कल्पना त्यांनी हिंदू परंपरेतून घेतली होती. आज पडद्यावरील आपल्या प्रतिमेला जगभर 'अवतार' म्हणतात. त्या वापराच्या आरंभीच्या उदाहरणांत या खेळाची गणना होते.

खेळाची सुरुवातच बोलकी आहे. एक भविष्य सांगणारी स्त्री पत्ते मांडून सात पेच समोर ठेवते. प्रत्येक पेचात दोन सद्गुणांची टक्कर असते, उदाहरणार्थ प्रामाणिक राहावे की दयाळू. उत्तरांवरून आपण कोण होणार हे ठरते. शौर्याला प्राधान्य देणारा योद्धा होतो. नम्रतेला प्राधान्य देणारा मेंढपाळ होतो आणि मेंढपाळ हे त्या खेळातील सर्वांत दुबळे पात्र आहे. म्हणजे नम्रता निवडल्याची किंमत पहिल्याच पानावर मोजावी लागते. नम्रतेचे बक्षीस म्हणून तलवार देण्याचा मोह निर्मात्यांना झाला नाही, याचे आम्हाला विशेष कौतुक वाटते.

पुढे गावोगाव फिरताना औषधी मुळ्या विकणारे भेटतात. ते आंधळे आहेत. किंमत सांगतात आणि पैसे आपल्याला मोजून ठेवायला लावतात. दहा मोहरांच्या जागी एक ठेवली तरी माल मिळतो, विक्रेता कुरकुर करत नाही, शिपाई धावून येत नाही. आत कुठेतरी प्रामाणिकपणाचा आकडा घसरतो, एवढेच. तो आकडा पडद्यावर दिसत नाही हे महत्त्वाचे. आपली नैतिक प्रकृती कशी आहे हे जाणून घ्यायचे तर राजवाड्यातील एका द्रष्ट्याकडे जाऊन विचारावे लागते आणि तोही आकडा सांगत नाही, मोघम शब्दांत सुनावतो. भिकाऱ्याला दान दिल्याने दया वाढते, वैद्याकडे स्वतःचे रक्त दिल्याने त्याग वाढतो, लढाईतून पळाल्यास शौर्य घटते. गावकरी गप्पांच्या ओघात 'तुला स्वतःचा अभिमान आहे ना?' अशा धाटणीचे प्रश्न विचारतात आणि 'हो' म्हटले की नम्रता कमी होते. आंधळ्या विक्रेत्याला फसवल्याची भरपाई एका फटक्यात करण्याची सोय नाही. पुढच्या प्रत्येक खरेदीत पुरते पैसे ठेवून, दिवसामागून दिवस, गमावलेले हळूहळू मिळवावे लागते. पापनिवेदनानंतरच्या प्रायश्चित्ताशी हे किती मिळतेजुळते आहे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

दुर्दैवाने पुढच्या खेळांनी या कल्पनेतील सोपा भाग तेवढा उचलला. लपलेला आकडा उघडा झाला. २००४ च्या 'फेबल'मध्ये सज्जन नायकाच्या डोक्यावर तेजोवलय दिसते आणि दुर्जनाला शिंगे फुटतात. २००८ मधील दुसऱ्या भागात तर मांस खाल्ले की मलिनता वाढते आणि सेलरीची भाजी खाल्ली की शुद्धता. शुक्रवारी मांस वर्ज्य करणारे आपले आजी-आजोबा त्या खेळात फारच पुढे गेले असते. गंमत सोडली तर मुद्दा गंभीर आहे. शिंगे आणि तेजोवलय यांत मूल जी निवड करते ती पेहरावाच्या निवडीहून फारशी वेगळी राहत नाही.

२००७ मध्ये सुरू झालेल्या 'मास इफेक्ट' मालिकेत ही यंत्रणा अधिक देखणी झाली आणि तिचा दोषही अधिक उघड झाला. तिथे सौम्य, न्यायी वागण्याचे निळे गुण आणि कठोर, दांडगट वागण्याचे लाल गुण असतात. एका बाजूचे पुरेसे साठले की संभाषणात खास उत्तरे खुली होतात, ज्यांनी अवघड प्रसंग सहज सुटतात. परिणाम असा की प्रत्येक प्रसंगाचा स्वतंत्र विचार करून कधी सौम्य, कधी कठोर वागणारा खेळाडू मागे पडतो. सुरुवातीलाच एक रंग निवडून डोळे मिटून तोच दाबत राहणारा पुढे जातो. विवेकबुद्धीला सुट्टी देणाऱ्यालाच खेळ बक्षीस देतो. या मालिकेवर काम केलेल्या एका माजी कर्मचाऱ्याने २०२० मध्ये सांगितले की सुमारे ९२ टक्के खेळाडू निळा मार्ग धरत. हा आकडा ऐकून हायसे वाटते खरे. पण त्यातील किती जण दया म्हणून दया करत होते आणि किती जण गुणांसाठी, हे त्या आकड्यातून कळत नाही.

त्याच वर्षीच्या 'बायोशॉक'मध्ये तर पेच थेट एका लहान मुलीचा आहे. एका शापित नगरीत या मुलींच्या शरीरात मौल्यवान द्रव्य असते. मुलीचा बळी घेतला तर १६० एकके मिळतात, तिला सोडवले तर ८०. प्रसंग अंगावर काटा आणणारा आहे. परंतु दर तीन मुली सोडवल्या की भेटीदाखल आणखी २०० एकके येतात. हिशेब करून पाहा : तिघींचा बळी दिला तर ४८०, तिघींना वाचवले तर ४४०, शिवाय इतर भेटवस्तू. निर्मात्यांनी दयेचा तोटा भरून काढला आणि त्याचबरोबर दयेतील जीवही काढून घेतला. जिथे काहीच गमवावे लागत नाही तिथे त्याग कसला?

मोजदादीचा हा मोह खेळांपुरता नाही, हे मान्य केले पाहिजे. मंदिरात उभे राहून आपले उपवास आणि दशमांश देवाला ऐकवणारा परूशी आपण सारे ओळखतो. आपल्या जुन्या प्रार्थनापुस्तकांतही एकेका प्रार्थनेखाली पापदंडाच्या माफीचे दिवस छापलेले असत, कुठे शंभर, कुठे तीनशे. भाविक त्यांची बेरीज करीत. पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये ही दिवसांची गणती काढून टाकली. ख्रिस्तसभेलाही आकडा पुसायला काही शतके लागली, तेव्हा चाळीस-पन्नास वर्षांच्या या उद्योगाला आपण फार झोडपू नये.

शिवाय याच क्षेत्रातील काही निर्मात्यांना हा दोष दिसला आहे आणि त्यांनी त्याला उत्तरही दिले आहे. २०१५ चा 'अंडरटेल' हा खेळ टोबी फॉक्स या तरुणाने बहुतांशी एकट्याने घडवला. दिसायला तो जुनाट, बाळबोध चित्रांचा आहे. त्यातही शत्रूला मारले की गुण मिळतात आणि पातळी वाढते. खेळणारा सवयीने ते 'अनुभवाचे गुण' समजतो. शेवटाजवळ त्याला सांगितले जाते की ते वधाचे गुण होते आणि वाढत होती ती हिंसेची पातळी. वास्तविक त्या खेळात एकालाही न मारता शेवट गाठता येतो. प्रत्येक शत्रूशी बोलून, त्याचे दुःख समजून घेऊन त्याला सोडून देता येते. अर्थात तो मार्ग अधिक कष्टाचा आहे.

याच खेळाने जतन करण्याच्या सोयीलाही हात घातला. इतर खेळांत वाईट कृत्य करून पाहायचे, त्याचा परिणाम बघायचा आणि मग जतन केलेल्या जागी परत जाऊन काही घडलेच नाही असे वागायचे, हा खेळाडूंचा नेहमीचा प्रघात आहे. 'अंडरटेल'मध्ये सुरुवातीला मायेने सांभाळणाऱ्या एका पात्राला मारून, मग पश्चात्ताप होऊन खेळ मागे नेला आणि तिला वाचवले, तर पुढे एक पात्र हसत म्हणते की तू काय केलेस ते मला माहीत आहे. सर्वांचा संहार करून खेळ संपवला तर नंतर कितीही सज्जनपणे खेळले तरी चांगल्या शेवटावर त्याची सावली पडते. अनेक खेळाडूंना हे अन्यायाचे वाटले. आम्हाला वाटते, झालेले न झालेले होत नाही, ही गोष्ट फार थोड्या खेळांनी इतक्या स्पष्टपणे सांगितली आहे. क्षमेला मात्र त्या शेवटात जागा कमी ठेवली आहे, हेही नोंदवले पाहिजे.

आणखी दोन खेळांनी मोजपट्टी काढूनच टाकली. २०१३ च्या 'पेपर्स, प्लीज'मध्ये खेळणारा एका हुकूमशाही देशाच्या सीमेवरचा कारकून असतो. जितक्यांची कागदपत्रे तपासावीत तितके वेतन आणि त्यावर घरच्यांचे अन्न, औषध आणि ऊब. एक दिवस एक माणूस योग्य कागद दाखवून पुढे जातो आणि मागून येणाऱ्या पत्नीवर कृपा करा, असे विनवतो. तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो. तिला सोडले तर चुकीची नोंद होते आणि चुका वाढल्या की वेतन कापले जाते. अडवले तर कोणीही काही म्हणत नाही.

दुसरा खेळ पोलंडमधील वॉर्सा येथे तयार झालेला, २०१४ चा 'धिस वॉर ऑफ माइन'. १९९२ ते १९९६ या काळातील सारायेव्होच्या वेढ्यावरून तो सुचला. यात खेळणारा सैनिक नसतो. पडक्या घरात तग धरून राहिलेल्या काही सामान्य माणसांची काळजी त्याला वाहायची असते. रात्री अन्न शोधायला बाहेर पडावे लागते. एका घरात एक वृद्ध दांपत्य राहते. त्यांच्याकडे अन्न आहे, औषध आहे आणि प्रतिकाराची ताकद नाही. ते लुटले तर कोणतेही गुण वजा होत नाहीत. पण सकाळी परतलेला माणूस खिन्न होतो, ही खिन्नता वाढत गेली की त्याचे कामात लक्ष लागत नाही, घरातली इतरही माणसे अस्वस्थ होतात. आजारी सोबत्यासाठीच औषध चोरले होते, हे खरे असूनही तसे होते. पोलंडच्या सरकारने २०२० मध्ये हा खेळ माध्यमिक शाळांच्या शिफारस केलेल्या साहित्याच्या यादीत घेतला. विषय प्रौढांचा असल्याने तो १८ वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यांपुरता ठेवण्यात आला.

आपल्याकडील मुलांच्या मोबाइलवर असतात ते बहुधा नेमबाजीचे नाहीतर गोळ्या जुळवण्याचे खेळ, त्यांत असे पेच नसतात. तरी मोठी मुले संगणकावर किंवा मित्राच्या घरी वर उल्लेखलेल्यांपैकी एखादा खेळ खेळत असण्याची शक्यता बरीच आहे. अशा वेळी 'किती वेळ खेळलास?' या प्रश्नाच्या जोडीला 'त्या म्हाताऱ्या जोडप्याचे तू काय केलेस?' असेही विचारता येईल आणि उत्तर लगेच येणार नाही. धर्मशिक्षणाच्या मोठ्या मुलांच्या वर्गात ज्यांना हा विषय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी एक माहिती : चाळीस वर्षांपूर्वीचा 'अल्टिमा ४' २०११ पासून इंटरनेटवर अधिकृतरीत्या मोफत देण्यात आला. चित्रे अगदी ओबडधोबड आहेत, आजची मुले प्रथम हसतील. आंधळ्या विक्रेत्याच्या दुकानापर्यंत त्यांना नेऊन सोडावे आणि ती किती मोहरा ठेवतात ते शेजारी बसून पाहावे.