बाळू पालवणकर : फसव्या फिरकीचा पहिला मानकरी

भारतातील डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांची परंपरा सांगताना बहुधा विनू मंकड यांच्यापासून प्रारंभ केला जातो. प्रत्यक्षात ही परंपरा कितीतरी जुनी असून तिच्या आरंभी बाळू पालवणकर यांचे नाव घ्यावे लागते.

मूळ कोकणातील पालवणच्या चर्मकार कुटुंबात बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. पुण्यात पारशी मंडळींच्या क्लबमध्ये खेळपट्टी झाडण्याचे काम त्यांना मिळाले, वेतन महिना ३ रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबने ४ रुपये देऊ केले. रूळ फिरवणे, सरावाची जाळी बांधणे ही तेथील कामे होती. जे. जी. ग्रेग हे त्या काळातील नामवंत फलंदाज सरावासाठी त्यांच्याकडून तासन् तास गोलंदाजी करून घेत. याच कष्टातून बाळूंची कला घडली. फलंदाजीची संधी मात्र त्यांना तेथे दिली गेली नाही.

त्यांच्या गोलंदाजीचे मर्म फसवणुकीत होते. हाताची लय तीच ठेवून ते चेंडूचा वेग आणि उंची बदलत. डावखुऱ्या फिरकीचा नेहमीचा चेंडू उजव्या फलंदाजापासून दूर जातो. बाळूंना चेंडू दोन्ही बाजूंना वळवता येत असे. त्यामुळे पुढे सरसावावे की मागे राहावे, याचा निर्णय फलंदाजाला करता येत नसे.

हे कौशल्य पाहून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना संघात घेतले, परंतु अस्पृश्यता सोडली नाही. मैदानावर सर्वजण एकाच चेंडूला हात लावीत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. प्लेगच्या साथीच्या काळात ते मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले, त्या संघात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम हे दोघेही होते.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाची कामगिरी एकंदर निराशाजनकच ठरली. बाळूंनी मात्र वयाच्या पस्तिशीत सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले. त्या वर्षी इंग्लंडमध्ये कडक उन्हाळा होता, हे लक्षात घेतले म्हणजे या यशाचे मोल अधिक वाटते. ओल्या खेळपट्ट्यांचा आधार फारसा नव्हता.

एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. स्वतः कर्णधार असलेल्या एम. डी. पै यांनी हा मान बाळूंचा होता, असे जाहीरपणे म्हटले होते. १९२० मध्ये या प्रश्नावरून शिवराम व विठ्ठल हे बंधू सामन्यातून बाजूला झाले. त्यानंतर अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले आणि पै यांनी मैदान सोडून काही काळ संघाची सूत्रे त्यांच्या हाती दिली. १९२३ मध्ये विठ्ठल हे हिंदू संघाचे कर्णधार झाले.

बाळूंनी प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी मिळवले. भारताने पहिली कसोटी खेळली ती १९३२ साली, त्या वेळी ते ५६ वर्षांचे होते. त्याच वर्षीच्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे राहून ते पराभूत झाले. ४ जुलै १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.