मनाचा अभ्यास आणि माणसाची प्रतिष्ठा

मानसशास्त्र मनाचा अभ्यास करते, तर श्रद्धा आत्म्याविषयी बोलते. मग या दोहोंत विरोध आहे काय, असा प्रश्न अनेक भाविकांना पडतो. घरातील मुलगी हा विषय शिकू इच्छिते किंवा कोणाला समुपदेशकाकडे जाण्याचा सल्ला मिळतो, तेव्हा तो केवळ पुस्तकी प्रश्न राहत नाही.

१८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीतील लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापन केली आणि मानसशास्त्र तत्त्वज्ञानापासून वेगळे होऊन स्वतंत्र विज्ञान म्हणून उभे राहिले. तथापि ‘माणूस म्हणजे कोण?’ हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न त्याच्यासोबत राहिलाच. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात शिकविले की, आत्मा व शरीर यांच्या ऐक्यातून एकच मनुष्य सिद्ध होतो. म्हणूनच मेंदूचा आजार किंवा बालपणीचा आघात यांचा परिणाम आपल्या इच्छाशक्तीवर आणि प्रार्थनेवरही होऊ शकतो. त्याचा शोध घेणे म्हणजे आत्मा नाकारणे नव्हे. मात्र ‘माणूस म्हणजे केवळ मेंदूतील रसायने’ हा प्रयोगाचा निष्कर्ष नसून एक तात्त्विक भूमिका आहे, हे विद्यार्थ्याने ओळखले पाहिजे.

दुसरा प्रश्न नीतीचा आहे. १० एप्रिल १९५८ रोजी पोप पायस बारावे यांनी उपयोजित मानसशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे स्पष्ट केले की, माणसाचे अंतरंग त्याचे स्वतःचे असते. त्याच्या इच्छेविरुद्ध तेथे शिरण्याचा अधिकार मानसशास्त्रज्ञाला नाही. पुढे १९६१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅम यांनी स्मरणशक्तीचा अभ्यास असल्याचे भासवून सहभागी व्यक्तींना दुसऱ्यास विजेचे झटके द्यावयास लावले. झटके खोटे होते, परंतु ते देणाऱ्यांना झालेला मनस्ताप खरा होता. ज्ञानासाठी माणसाला साधन बनवावे काय, हा वाद त्यातून उभा राहिला. व्हॅटिकनने २००८ साली धर्मगुरुपदाच्या उमेदवारांविषयी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही मानसशास्त्रीय तपासणीसाठी उमेदवाराची मुक्त व स्पष्ट संमती आवश्यक मानली आहे.

पापनिवेदनात पापक्षमा लाभते. समुपदेशनात मनाच्या दुखण्यावर उपचार होतो. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. नैराश्याने ग्रासलेल्या व्यक्तीला ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ असे म्हणणे अन्यायाचे आहे. तिचे दुःख तिच्या संमतीवाचून चारचौघांत सांगणे हाही अन्यायच होय. देवाच्या प्रतिरूपाप्रमाणे निर्माण झालेल्या माणसासमोर आपण उभे आहोत, याची जाणीव हाच या शास्त्राचा खरा पाया आहे.