लाईट गेली, तास चालू!

इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतली की दोन गोष्टी आपोआप गळ्यात पडतात. एक म्हणजे सबमिशन, आणि दुसरी म्हणजे "तू इंजिनिअरिंगला आहेस ना, मग सांग बघू कोणता लॅपटॉप घेऊ?" हा प्रश्न. कॉम्प्युटरवाल्यांनाच नाही, सिव्हिलवाल्यांनाही विचारतात! आपण मग "आय५, सोळा जीबी रॅम, ५१२ एसएसडी" असं एका दमात ठोकून देतो. समोरचा खूष, आपणही खूष. पुण्या-मुंबईच्या माणसासाठी हे उत्तर ठीक आहे. पण ज्याच्या घरी दिवसातून चार-पाच तास लाईटच नसते आणि ज्याला त्याच लॅपटॉपवरून शिकवायचं आहे, त्याच्यासाठी ही नुसती फेकाफेक आहे.

माझी मावशी बीड जिल्ह्यातल्या एका गावात दहावीचे गणित-विज्ञानाचे क्लास घेते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांचं ऑनलाईन झालं तसं तिचंही झालं. पुढे शाळा उघडल्या, सगळे विसरून गेले, पण तिचं चालूच राहिलं. कारण दिवाळीच्या आसपास तिच्या वर्गातली काही मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. आणि बोर्डाची परीक्षा नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्ये! ही मुलं संध्याकाळी फडाजवळच्या कोपीवरून फोनवर क्लासला बसतात. फोन चार्ज करायचा तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, नाहीतर जवळच्या दुकानात पैसे देऊन. त्यांनी एवढी खटपट करून बसायचं आणि इकडे मावशीच्याच जुन्या लॅपटॉपने पंचविसाव्या मिनिटाला मान टाकायची, हे तिला सहन होईना. ती मला म्हणाली, "मला फास्ट-बिस्ट काही नको गं. लाईट गेली तरी साडेसहा ते साडेनऊ चाललं पाहिजे, एवढं बघ."

हा प्रश्न मला फार आवडला, कारण याचं उत्तर आकड्यात देता येतं.

जाहिरातीत "बारा तास बॅटरी" असं लिहिलेलं असतं, ते आधी विसरून जा. बऱ्याचदा ती चाचणी स्क्रीनचा उजेड कमी ठेवून, आधीच साठवलेला व्हिडिओ चालवून केलेली असते. शिकवताना तसं नसतं. कॅमेरा चालू, माईक चालू, स्क्रीन शेअर केलेली, समोर पंधरा चौकोनात पंधरा चेहरे, आणि हे सगळं नेटवरून येतंय-जातंय. प्रोसेसरला दम घ्यायला वेळच मिळत नाही.

खरे आकडे दोनच. एक, बॅटरीत किती वॉट-तास आहेत, आणि दोन, शिकवताना लॅपटॉप किती वॉट खातो. (आम्ही कॉन्व्हेंटवाले वॉट-अवर म्हणतो, पण वॉट-तास जास्त सरळ वाटतं.) टाकी आणि तोटी समजा. बॅटरी ही टाकी, वॉट ही तोटी. टाकीला तोटीने भागलं की तास मिळतात. टाकीचा आकडा बॅटरीवरच छापलेला असतो. नसेल तर व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करायचा. ११.४ व्होल्ट आणि ३६८५ मिलिअँपिअर-तास म्हणजे साधारण ४२ वॉट-तास. बारावीचं फिजिक्स, यापलीकडे काही नाही.

तोटीचा आकडा मात्र कुठेच छापलेला नसतो, आणि सगळे घोळ इथेच होतात. चार्जरवर "६५ वॉट" लिहिलेलं असतं म्हणून लॅपटॉप ६५ वॉट खातो असं आमच्या विंगमधल्या निम्म्या मुलींना वाटतं. तो आकडा म्हणजे चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो. लॅपटॉप प्रत्यक्षात किती ओढतो ते मोजावं लागतं. मी विंगमधल्या तीन लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल लावला आणि चार्जर काढून बॅटरीवर किती वॉट जातात ते बघितलं. लिनक्समध्ये पॉवरटॉप नावाचा प्रोग्रॅम हा आकडा दाखवतो. ज्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं, गेमिंगवाला, त्याने ३१ वॉट खाल्ले. साध्या १५ इंचीने १७, आणि चौदा इंची ऑफिसवाल्याने उजेड अर्धा केल्यावर १२. काम तेच, कॉल तोच! म्हणजे गेमिंगवाल्याची ५० वॉट-तासांची टाकी दीड तासात संपणार आणि चौदा इंचीवाल्याची तेवढीच टाकी चार तास जाणार. मावशीला तीन तास हवे होते. निकाल इथेच लागला.

आता हा फरक कशामुळे पडतो ते बघू. एक म्हणजे प्रोसेसर. इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटचं अक्षर बघायचं. यू असेल तर तो साधारण १५ वॉटच्या वर्गातला, एच असेल तर ४५ च्या आसपासचा. इंटेलचा एन१०० नावाचा छोटा प्रोसेसर २०२३ मध्ये आला, तो तर ६ वॉटचा आहे. हे आकडे म्हणजे रोजचा खर्च नव्हे, थोड्या वेळासाठी प्रोसेसर याच्या वरही उडी मारतो. पण कोण खादाड आणि कोण अल्पाहारी हे यावरून नक्की कळतं. कॉल आणि पीडीएफ यांच्यासाठी एच प्रोसेसर घेणं म्हणजे भाजी आणायला दहा चाकी ट्रक नेणं. दुकानदार मात्र तोच आधी पुढे करतो, कारण त्याचा डबा भारी दिसतो.

दुसरी म्हणजे स्क्रीन, आणि इकडे कोणाचं लक्षच जात नाही. साध्या एलसीडीत मागचा दिवा सतत जळत असतो, त्यामुळे "डार्क मोड" लावून तिथे बॅटरी वाचत नाही. वाचते ती ओएलईडी स्क्रीनवर, कारण तिथे काळा भाग खरोखरच बंद असतो. एलसीडीवर उपाय एकच, उजेड कमी करायचा. एरवी पूर्ण उजेड ठेवून वर "बॅटरी टिकत नाही" म्हणून रडणारे लोक मला रोज रीडिंग रूममध्ये दिसतात. असो.

कमी विजेवर चालणारा लॅपटॉप ही कल्पना नवीन नाही. निकोलस निग्रोपॉन्टे या एमआयटीच्या प्राध्यापकाने २००५ साली गरीब देशांतल्या मुलांसाठी "शंभर डॉलरचा लॅपटॉप" जाहीर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युनिसमध्ये तो जगाला दाखवला, तेव्हा वीज नसली तर चार्ज करायला त्याला बाजूला चक्क एक हँडल होतं. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी ते फिरवायला घेतलं आणि हँडल त्यांच्या हातातच आलं! पुढे हँडल गेलं, पण मेरी लू जेप्सन यांनी केलेली उन्हात वाचता येणारी स्क्रीन राहिली, आणि आख्खं यंत्र मोजक्या वॉटवर चालायचं. २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका वाडीवरच्या शाळेतही ते पोचलं होतं. तो प्रकल्प पुढे फार चालला नाही, पण आधी वीज मोजा आणि मग यंत्र ठरवा, हा क्रम त्या लोकांना बरोबर कळला होता.

परत मावशीकडे. तिचं बजेट पंचवीस हजार, त्यात नवीन चांगलं काही येईना. मग मी जुन्या बाजाराकडे वळले. कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढून टाकलेले ऑफिसवाले लॅपटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडला ढिगाने मिळतात. त्यातला थिंकपॅड टी४८० मला या कामासाठी सगळ्यात बरा वाटतो. २०१८ चं मॉडेल आहे. पण त्यात दोन बॅटऱ्या आहेत, एक २४ वॉट-तासांची आत आणि दुसरी बाहेरून काढता-घालता येणारी. बाहेरची २४, ४८ किंवा ७२ वॉट-तासांची मिळते, आणि लॅपटॉप चालू असतानाच बदलता येते, कारण तेवढा वेळ आतली बॅटरी सांभाळून घेते. २४ आणि ७२ मिळून ९६ वॉट-तास. १४ वॉटने भागा, जवळपास सात तास होतात. बॅटरी जुनी होऊन दोन तृतीयांशच राहिली असली तरी साडेचार तास. शिवाय आठव्या पिढीचा प्रोसेसर असल्यामुळे विंडोज ११ ही रीतसर चालतं. हे बघणं गरजेचं आहे, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्याहून जुने लॅपटॉप आता "एकदम स्वस्तात" म्हणून लोकांच्या गळ्यात मारले जातायत.

जुना लॅपटॉप घेताना बॅटरीची तब्येत दुकानातच बघा. विंडोजमध्ये काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी लिहून, एक जागा सोडून, स्लॅश आणि लगेच बॅटरीरिपोर्ट (इंग्रजी स्पेलिंगने, अर्थात) असं दिलं की एक अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी असतात. दुकानदाराने "मॅडम, बॅटरी एकदम नवीन" म्हटलं की हा अहवाल उघडायचा, पुढची घासाघीस आपोआप सोपी होते.

माझ्या मते दुसरी महत्त्वाची अट म्हणजे चार्जिंग यूएसबी-सी वर झालं पाहिजे. याचं कारण कळायला घरचा इन्व्हर्टर समजून घ्यावा लागेल. इन्व्हर्टर १२ व्होल्टच्या बॅटरीतून २३० व्होल्ट एसी करतो, आणि लॅपटॉपचा चार्जर त्याचे परत २० व्होल्ट डीसी करतो. म्हणजे डोक्यावरून हात फिरवून घास तोंडात! दोन्ही ठिकाणी गळती होते, शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच दहा-वीस वॉट खातो, म्हणजे लॅपटॉपइतकेच. त्याऐवजी कारमध्ये लावतात तो यूएसबी-सी चा ६५ वॉटचा चार्जर थेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावला की मधली सगळी भानगड वाचते. मात्र बॅटरीच्या टर्मिनलजवळ दहा अँपिअरचा फ्यूज हवाच हवा. त्या बॅटरीत १५० अँपिअर-तास असतात, वायर शॉर्ट झाली तर पेटायला वेळ लागत नाही. आणि लॅपटॉपला चार्जरशिवाय थेट बॅटरी जोडायची नाही, हे इलेक्ट्रिकलवाल्यांना सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते.

इंटरनेटचं काय? मावशीकडे फायबर नाही, फोनचाच हॉटस्पॉट. फोन वायरने लॅपटॉपला जोडला तर तो गुपचूप लॅपटॉपच्या बॅटरीवर चार्ज होत बसतो, दोन-अडीच वॉट तिकडे जातात. म्हणून फोन पॉवर बँकेवर ठेवायचा. पॉवर बँकेवर "२०,००० मिलिअँपिअर-तास" लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टचं, म्हणजे ७४ वॉट-तास, आणि बाहेर येईपर्यंत साठाच्या आसपास. फोनला ते भरपूर झालं. पण लाईट फारच लांबली की मोबाईल टॉवरचा बॅकअपही संपतो, आणि तेव्हा जगातला कुठलाही लॅपटॉप काही करू शकत नाही. त्या दिवसासाठी मावशी गणिताच्या वहीच्या पानांचे फोटो आणि आवाजाची छोटी रेकॉर्डिंग तयार ठेवते, रेंज आली की पाठवून देते. खरं तर कोपीवरच्या मुलांना तेच जास्त सोयीचं पडतं, डेटा कमी जातो आणि परत परत ऐकता येतं.

शेवटी व्होल्टेज, कारण यावर घरोघरी चुकीचा खर्च होतो. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की गावात व्होल्टेज १७० पर्यंत पडतं, म्हणून लोक लॅपटॉपलाही स्टॅबिलायझर घ्यायला निघतात. चार्जर उलटा करून बघा. त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्याला १७० चं काहीच वाटत नाही. धोका उलट्या बाजूने आहे. डीपीवर न्यूट्रल तुटला की ज्या फेजवर लोड कमी त्याचं व्होल्टेज २३० च्या खूप वर, कधी कधी ४०० च्या दिशेने जातं, आणि एका रात्रीत आळीतले टीव्ही, चार्जर, बल्ब सगळं जळतं. साधा स्पाईक गार्ड इथे कामाचा नाही, तो क्षणभराच्या झटक्यासाठी असतो. जास्त व्होल्टेज आलं की लाईन तोडणारा आणि थोडा वेळ थांबून परत जोडणारा कट-ऑफ घ्यावा. तो नसेल तर लाईट गेली की पिन काढायची आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावायची.

ज्यांना आपला लॅपटॉप किती खातो हे बघायचं असेल त्यांनी पेन ड्राईव्ह घेऊन रविवारी दुपारी लेडीज होस्टेलच्या रीडिंग रूममध्ये यावं, लिनक्स पेन ड्राईव्हवरूनच चालवता येतं, इन्स्टॉल करावं लागत नाही. मुलांनी कॉमन रूमबाहेरच थांबावं, रेक्टर मॅडम बघतात.