फटफटी आणि तिचे सोबती

ठाणें, डोंबिवली किंवा कल्याण येथील कोणत्याहि वस्तींत सकाळीं सातच्या सुमारास कान देऊन ऐकलें, तर मोटारसायकली एकामागून एक सुरू झाल्याचा आवाज ऐकूं येतो. ह्या आवाजावरूनच जुन्या पिढीनें तिला फटफटी हें नांव दिलें. आठवड्यांतील सहा दिवस ह्या फटफटीचा प्रवास फार तोकडा असतो. ठाणें १८५३ सालीं आणि कल्याण १८५४ सालीं आगगाडीनें मुंबईशीं जोडलें गेलें, आणि तेव्हांपासून ह्या भागाचें जीवन रुळांच्या आधारानेंच वाढलें. त्यामुळें फटफटी मालकाला घरापासून स्टेशनापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर नेते, दिवसभर पार्किंगमध्यें उभी राहते, आणि लोकलच्या गर्दींतून तो परत आला म्हणजे त्याला घरीं पोंचविते. सातवा दिवस मात्र निराळा. रविवारीं पहाटें ह्याच गाड्या दहा-बारांच्या मेळ्यानें कल्याणहून मुरबाडच्या रस्त्यानें माळशेज घाटाकडे निघतात.

ह्या फेरीचें नांव निघालें कीं घरांतील वडील मंडळींना चिंता वाटूं लागते. सोमवारीं स्टेशनाकडे निघालेल्या मुलाला जी आई कांहींच विचारीत नाहीं, ती शनिवारीं रात्रीं त्याला दहा प्रश्न विचारते. ही काळजी अनाठायीं नाहीं. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मरण पावलीं आणि त्यांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरील होतीं. परंतु धोका नेमका कशांत आहे, आणि सोबतीमुळें तो वाढतो कीं कमी होतो, हें समजून घेतल्यावांचून केलेली काळजी उपयोगीं पडत नाहीं.

प्रथम यंत्राचा विचार करावा. लांबच्या प्रवासानें यंत्र झिजतें आणि जवळच्या प्रवासानें तें सुखांत राहतें, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिति पुष्कळशी उलट आहे. पेट्रोल जळलें म्हणजे त्यांतून पाण्याची वाफ निघते आणि तिचा कांहीं भाग पिस्टनच्या कडेनें एंजिनाच्या पोटांतील तेलांत उतरतो. एंजिन चांगलें तापलें म्हणजे ही वाफ उडून जाते. परंतु दोन किलोमीटरांत तें पुरतें तापतच नाहीं. मग पाणी व न जळलेलें पेट्रोल तेलांत सांचत राहतें आणि तेलाचा गुण कमी होतो. बॅटरीचीहि तीच गत. बटन दाबून गाडी सुरू करतांना बरीच वीज एकदम खर्च होते, आणि ती भरून येण्याइतका वेळ एंजिन चालत नाहीं. म्हणून केवळ स्टेशनाच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीचें ऑइल नुसते किलोमीटर मोजून भागत नाहीं. तें महिने मोजून बदलावें लागतें. ह्या दृष्टीनें रविवारची लांब फेरी गाडीला पथ्यकरच ठरते.

मात्र त्या फेरीला आदल्या दिवशींच्या तपासणीची जोड हवी, आणि येथेंच सोबत्यांचा पहिला उपयोग होतो. एकटा मालक 'उद्यां पाहूं' म्हणून जी गोष्ट महिनाभर टाळतो, ती चारचौघांत टाळतां येत नाहीं. शनिवारीं संध्याकाळीं एकाद्या सोसायटीच्या आवारांत ही मंडळी एकमेकांच्या गाड्या पाहतात. टायरमधील हवा गाडी थंड असतांनाच मोजतात, कारण धांवलेल्या टायरमधील हवा तापून दाब वाढलेला दिसतो. चेन खालच्या बाजूस मध्यभागीं बोटानें वर-खालीं करून पाहतात. साधारणपणें २५ ते ३० मिलिमीटरांची ढिलाई असावी. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत असतो. फार ताणलेली चेन बेअरिंग खाते, तर फार सैल चेन दांत्यांवरून उतरते. आणि भर वेगांत ती मागच्या चाकांत गुंतली, तर चाक जागच्या जागीं जाम होतें.

गाड्याहि नाना प्रकारच्या असतात. एकाजवळ बुलेट असते, दुसऱ्याजवळ बजाज कंपनीची पल्सर, तर एकाद्याजवळ वडिलांच्या वेळची, मैसूरच्या कारखान्यांत बनलेली येझदी. तो जुना कारखाना १९९६ सालीं बंद झाला. अशा गाडीचा एकादा सुटा भाग कोठें मिळेल आणि कोणत्या मिस्त्रीचा हात तिच्यावर बसलेला आहे, हें ज्ञान कोणत्याहि पुस्तिकेंत सांपडत नाहीं. तें सोबत्यांकडूनच मिळतें.

दुसरा विचार वेगाचा. ताशीं ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारें १७ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एकच सेकंद गेला, तरी १७ मीटर अंतर तसेंच तोडलें जातें. त्यानंतर कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर थांबण्यास आणखी सुमारें २० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर हेंच अंतर ३० मीटरांवर जातें. ताशीं ४० च्या वेगांत कोरड्या रस्त्यावर ब्रेकचें अंतर सुमारें ९ मीटरच असतें. वेग दीडपट झाला कीं ब्रेकचें अंतर सव्वादोनपट होतें, कारण तें वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. ब्रेक लागतांच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून थांबविण्याची मुख्य शक्ति पुढच्या ब्रेकांत असते. तो भीतीनें न वापरणारा स्वार आपली मोठी शक्ति वायां घालवितो. आणि तो एकदम आवळणाऱ्याचें चाक अडकून घसरतें. एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.हून मोठ्या सर्व नव्या मोटारसायकलींना ए.बी.एस. सक्तीची झाली. ती चाक अडकूं देत नाहीं; परंतु ओल्या रस्त्याची कमी झालेली पकड कांहीं ती परत आणून देत नाहीं.

सोबतीचा खरा धोका ह्या हिशेबांतूनच उत्पन्न होतो. पुढचा गेला म्हणून मागचा जातो, आणि मागें पडण्याची लाज वाटून नवशिका आपल्या शक्तीबाहेर वेग वाढवितो. जाणत्या मेळ्यानें ह्यावर साधा उपाय योजलेला असतो. सर्वांत पुढें रस्ता माहीत असलेला संथ वृत्तीचा स्वार, त्याच्या लगेच मागें सर्वांत नवखा, आणि सर्वांच्या शेवटीं सर्वांत अनुभवी. ह्या शेवटच्या स्वाराला मंडळी 'स्वीप' म्हणतात. पंक्चरचें सामान, क्लचची जादा केबल आणि स्पार्क प्लग त्याच्या पिशवींत असतात. त्याच्या मागें कोणीहि राहावयाचें नाहीं आणि पुढच्याच्या पुढें कोणीहि जावयाचें नाहीं. नवखा पुढच्या बाजूस असल्यानें सर्वांची गति त्याच्या बेतानें ठरते. त्याला धापा टाकीत पाठलाग करावा लागत नाहीं. सरळ रस्त्यावर एक गाडी आपल्या बाजूच्या डावीकडे, तर दुसरी किंचित् मागें उजवीकडे, अशी तिरकी रांग धरतात. त्यामुळें थांबण्यास जागा राहते आणि पुढचा खड्डाहि दिसतो. खड्डा ज्या बाजूस असेल त्या बाजूचा पाय बाहेर काढून पुढचा स्वार मागच्याला खूण करतो.

रायत्याजवळ उल्हास नदी ओलांडून मुरबाड, सरळगांव आणि टोकावडें गेलें, कीं पुढें मोरोशीनंतर घाट सुरू होतो. येथें तिरकी रांग मोडून एकामागें एक चालावें लागतें. वळणाचा वेग वळणाच्या आधींच कमी करावा, गियर उतरवावा आणि उतारावर एंजिनाच्या अडवणुकीचा उपयोग करून घ्यावा. सारखा दाबून धरलेला ब्रेक तापून निकामी होतो. पावसाळ्यांत येथें धुकें दाटतें आणि कड्यावरून दगड सुटतात. म्हणून धबधबा पाहण्यासाठीं कड्याखालीं गाडी उभी करणें हें धाडस नसून अविचार होय.

परंतु धोका घाटांतच असतो असें मानणें चूक आहे. २०१८ च्या पावसाळ्यांत खुद्द कल्याण शहरांतील खड्ड्यांनीं दुचाकीवरील माणसांचे बळी घेतले. पाण्यानें भरलेल्या खड्ड्याची खोली वरून कळत नाहीं. तेव्हां स्टेशनाच्या दोन किलोमीटरांतहि माळशेजइतकीच सावधगिरी हवी. हेल्मेटची गोष्ट तीच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानें तें चालविणारा आणि मागें बसणारा, अशा दोघांनाहि आवश्यक केलें आहे. हेल्मेटच्या आंतील फोमचा थर स्वतः चेंगरून आघात शोषून घेतो. म्हणून एकदां जोराचा मार बसलेलें हेल्मेट वरून धड दिसलें तरी बदललें पाहिजे; आणि हनुवटीखालचा पट्टा बांधला नाहीं, तर तें डोक्यावर असून नसल्यासारखेंच. मागें बसणाऱ्या स्त्रियांनीं साडीचा पदर किंवा ओढणी घट्ट खोंचून घ्यावी आणि गाडीला साडीगार्ड असल्याची खात्री करावी. चाकांत गुंतलेलें वस्त्र माणसाला क्षणांत खालीं ओढतें.

तात्पर्य, सोबत ही दुधारी आहे. शर्यतीसाठीं जमलेला मेळा माणसाला संकटांत लोटतो. एकमेकांची चेन आणि टायर तपासणारा, नवख्याच्या गतीनें चालणारा मेळा त्याला जी शिस्त लावतो, ती सोमवारच्या स्टेशनाच्या रस्त्यावरहि त्याच्याबरोबर राहते. म्हणून शनिवारीं रात्रीं मुलाला 'जाऊं नकोस' म्हणण्यापेक्षां किंवा गाडी किती सी.सी.ची आहे तें विचारण्यापेक्षां, घरच्यांनीं दोनच प्रश्न विचारावेत : उद्यां सर्वांच्या मागें कोण राहणार आहे, आणि आज तुझी चेन कोणी पाहिली? ह्यांचीं उत्तरें मुलाला चटकन् देतां आलीं, तर त्याची सोबत चांगली आहे असें समजावें.