फोर्कलिफ्टच्या आसपास काम करताना

द्राक्षांचा हंगाम आला की नाशिककडच्या निफाड-दिंडोरी भागातल्या कितीतरी जणी पॅकहाऊसमध्ये घड साफ करायला, पेट्या भरायला जातात. तिथे पुढे दोन लोखंडी दांडे असलेली एक गाडी पेट्यांचे थर उचलून सारखी ये-जा करत असते. तीच फोर्कलिफ्ट. आपल्यातल्या फार थोड्या जणी ती चालवतात, पण तिच्या आसपास वावरतो आपण सगळ्याच. म्हणून ती कशी चालते, हे प्रत्येकीला माहीत हवं.

ट्रॅक्टरची पुढची चाकं वळतात, फोर्कलिफ्टची मागची. त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग झटकन बाहेर फिरतो. शेजारी उभी असलेली बाई गाडी आणि भिंत यांच्यामध्ये सापडू शकते. पुढचं ओझं तोलायला मागे जड वजन बसवलेलं असतं. तीन टन उचलणारी गाडी स्वतःच चार टनांहून जड भरते. हळू चालली तरी ती जागच्या जागी थांबत नाही. समोर पेट्यांची चळत उंच असली की चालकाला पुढचं दिसत नाही. आणि बॅटरीवरच्या गाडीचा आवाज इतका कमी, की ती मागे आल्याचं कळतही नाही.

मग काय करायचं?

चालकाने आपल्याकडे पाहून हात केल्याशिवाय गाडीसमोरून किंवा मागून जायचं नाही. उचललेल्या दांड्यांखालून वाकून जायचं नाही, खाली पडलेली पेटी घ्यायलासुद्धा नाही. पदर, ओढणी खोचून घ्यायची. आणि वरच्या पेट्या काढायला कुणी म्हणालं, "दांड्यावर उभी राहा, वर उचलतो," तर सरळ नाही म्हणायचं. दांडे मालासाठी आहेत, माणसासाठी नाहीत.

आता चालवण्याबद्दल. ट्रॅक्टर, जीप येते म्हणून फोर्कलिफ्ट येते असं नाही. ओझं उंच धरून वळलं की गाडी कलंडते. म्हणून ओझं जमिनीपासून वीतभरच वर ठेवून चालायचं, पट्टा बांधायचा, आणि गाडी कलंडू लागली तर उडी मारायची नाही. उडी मारणाराच गाडीच्या छपराखाली चिरडतो. पट्ट्यात बसून स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि पडण्याच्या उलट बाजूला झुकायचं. हे प्रशिक्षणात करून घेतात. ताकदीपेक्षा इथे लक्ष आणि सराव लागतो, त्यामुळे बायकांनाही हे काम शिकता येतं. चालकाची मजुरी पेट्या भरण्यापेक्षा बरी असते, तेव्हा कामावर प्रशिक्षणाची चौकशी जरूर करा.

एकटीने "नाही" म्हणायला भीती वाटते. उद्याची हजेरी जाईल, असं वाटतं. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. पायी चालायची वाट पिवळ्या पट्ट्याने वेगळी आखून द्या, शिकलेल्या माणसाशिवाय कुणाच्या हाती किल्ली देऊ नका, हे सगळ्यांनी मिळून मुकादमाला सांगा. दहा जणींनी एका तोंडाने सांगितलेलं टाळणं कठीण जातं.

सांभाळून काम करा.